मामाच्या ऑपरेशन थिएटरमधली सुट्टी

मे महिना लागला की पुण्या-साताऱ्याच्या, नाशिक-कोल्हापूरच्या डॉक्टरांना अमेरिकेतून फोन येऊ लागतात. "दादा, मुलगी यंदा सुट्टीत तिकडे येतेय. तिला मेडिकलला जायचंय. महिनाभर तुझ्या हॉस्पिटलमध्ये येऊ दे ना. बघेल सगळं, आणि जमलं तर थोडं हातानेही करू दे." बहिणीला नाही कसं म्हणायचं? भाची येते, ऑपरेशन थिएटरचे, म्हणजे ओटीचे, हिरवे कपडे चढवते, मामाच्या शेजारी उभी राहते. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या पेशंटच्या जखमेला टाकाही घालते. निघताना तिला मामाच्या लेटरहेडवर दीडशे तासांचं पत्र मिळतं आणि ते तास पुढे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजच्या अर्जात जातात.

हा महिना त्या मुलीच्या अर्जाला फारसा उपयोगी नाही. आपल्याला खरंच डॉक्टर व्हायचंय का, हे ठरवायला तर तो त्याहून कमी उपयोगी आहे. आणि ज्या पेशंटच्या अंगावर तो टाका पडला, त्याच्यावर तो सरळसरळ अन्याय आहे. त्याऐवजी तिने आपल्या राहत्या गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर, म्हाताऱ्या माणसांना जेवू घालण्याचं आणि त्यांची कूस बदलण्याचं काम करावं, असं माझं ठाम मत आहे. मी एमबीबीएस महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात केलं आणि आता बरीच वर्षं अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनमध्ये काम करतो. दोन्हीकडचे वॉर्ड आतून पाहिले आहेत आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांचे आग्रहही.

भारतातल्या वाचकांसाठी हा खटाटोप कशाचा ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे बारावी झाली, नीटमध्ये ७२० पैकी पुरेसे गुण पडले, की एमबीबीएसची जागा मिळते. आजारी माणूस कधी जवळून पाहिलाय का, असं कोणी विचारत नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग चार वर्षांचं मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. एमडीच्या (इथे ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली वैद्यकीय पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएएमसी या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या एकाच यंत्रणेतून जातात. त्या अर्जात आपण केलेल्या कामांसाठी १५ जागा असतात. प्रत्येक कामाबद्दल ७०० अक्षरांत लिहायचं, आणि त्यातली तीन सर्वांत अर्थपूर्ण कामं निवडून त्यांच्यावर आणखी १,३२५ अक्षरं लिहायची. दरवर्षी अर्जदार ५० हजारांहून जास्त आणि जागा २३ हजारांच्या आसपास. गुण बहुतेकांचे चांगलेच असतात. मग समिती या मजकुराकडे वळते आणि बघते, की हा मुलगा आजारी माणसाजवळ कधी बसलाय का, आणि बसून त्याला काय कळलं.

त्यात काही विद्यापीठं शाळा संपतानाच पदवी आणि एमडी अशा जोड-अभ्यासक्रमाला प्रवेश देतात. ब्राऊन विद्यापीठाचा असा आठ वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा सहा वर्षांचा. मराठी घरांमध्ये या जोड-अभ्यासक्रमांची ओढ फार. एकदा आत गेलं की सुटलो, हा त्यामागचा विचार. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही 'अनुभव' दाखवावा लागतो. या वयाच्या मुलाला अमेरिकेतलं रुग्णालय ऑपरेशन थिएटरच्या दाराशीही सहसा उभं करत नाही. विमा, वय, पेशंटची गोपनीयता अशी दहा कारणं पुढे येतात. तिथे मामा आठवतो.

मामाकडे ही कारणं आड येत नाहीत, आणि नेमकं तिथेच बिनसतं. अमेरिकेत जिला पेशंटच्या खोलीत जायला लेखी परवानगी लागते, ती मुलगी भारतात उतरल्यावर आठवड्याभरात टाके घालण्याइतकी तयार कशी होते? तिच्या हातात काही बदललेलं नसतं. बदललेला असतो तो पेशंट. तो खेड्यातून आलेला असतो, डॉक्टरांना 'साहेब' म्हणतो, आणि टेबलावर आडवा पडल्यावर शेजारी कोण उभं आहे हे विचारायची त्याची प्राज्ञा नसते. मामाच्या ओळखीचा एखादा बँक मॅनेजर त्या टेबलावर असता तर भाचीच्या हातात सुई गेली असती का, हे प्रत्येक मामाने स्वतःला विचारावं. उत्तर त्याला ठाऊक असतं.

कायद्याच्या बाजूनेही यात काही धूसर नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातलं ३४ वं कलम नोंदणी नसलेल्या व्यक्तीला वैद्यकी करायला मनाई करतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. डॉक्टरांच्या हाताला दिलेली संमती त्यांच्या भाचीच्या हाताला लागू होते, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यावर माझे भारतातले मित्र म्हणतात, "अरे, आपण तरी कसे शिकलो? सरकारी हॉस्पिटलातल्या गरीब पेशंटवरच ना?" हे खरं आहे आणि त्याबद्दल आपल्या व्यवसायाने अजून पुरेसा विचार केलेला नाही. पण तुलना चुकते आहे. इंटर्न टाका घालतो तेव्हा त्याच्या पाठीशी साडेचार वर्षांचा अभ्यास असतो, तात्पुरती नोंदणी असते, वर रेसिडेंट आणि लेक्चरर असतात. मुख्य म्हणजे, तो शिकून याच लोकांसाठी डॉक्टर होणार असतो, निदान तशी अपेक्षा असते. त्या शिकण्याच्या बदल्यात समाजाला डॉक्टर मिळतो. भाचीने घातलेल्या टाक्याच्या बदल्यात त्या पेशंटच्या गावाला काय मिळालं? ती ऑगस्टमध्ये परत जाते. मिळालं ते फक्त अर्जातल्या ७०० अक्षरांना.

एएएमसीला हा प्रकार चांगला माहीत आहे. परदेशात जाऊन पेशंटवर हात चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संघटनेने २०११ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. जे काम तुम्हाला तुमच्या देशात करू दिलं जाणार नाही ते दुसऱ्या देशातल्या माणसावर करू नका, असा त्यांचा रोख आहे, आणि अशा अनुभवाने अर्जाचं नुकसान होऊ शकतं हा इशाराही त्यात आहे. म्हणजे ज्या ओळीवर आई-बाबांची सगळी भिस्त, तीच ओळ वाचून समितीतल्या एखाद्या प्राध्यापिकेच्या कपाळाला आठी पडू शकते. मुलाखतीत ती विचारेल: पेशंटला तू कोण आहेस ते सांगितलं होतं का? सतरा वर्षांच्या मुलीकडे त्याचं उत्तर नसतं. तो प्रश्न खरं तर मामाला विचारायला हवा.

नुसतं बघण्याला माझा विरोध नाही. डॉक्टरच्या मागे फिरून त्याचं काम पाहणं, ज्याला इथे शॅडोइंग म्हणतात, ते करावं. मामाकडेही करावं, पेशंटला विचारून, हात मागे बांधून. डॉक्टरच्या दिवसाचा केवढा भाग कागदपत्रांत आणि फोनवर जातो, वाईट बातमी कशी सांगितली जाते, ओपीडीत तीन मिनिटांत काय होतं आणि काय राहून जातं, हे दिसतं. पण त्याला मर्यादा आहे. चाळीस-पन्नास तासांनंतर बघणाऱ्याच्या पदरात नवं फारसं पडत नाही, कारण त्याच्यावर कशाचीच जबाबदारी नसते. तो आला नाही तर कोणाचं काही अडत नाही. कुठला अनुभव निवडावा असं मला मुलं विचारतात तेव्हा मी हेच मोजमाप पुढे ठेवतो: उद्या तू गेली नाहीस तर तिथल्या पेशंटला ते जाणवेल का? अर्जदार मुलांमध्ये आणखी एक जुना ठोकताळा आहे, की पेशंटचा वास येईल इतक्या जवळ असाल तरच तो अनुभव मोजा. तोही बरोबर आहे, पण ऑपरेशन थिएटरमध्येही माणूस तितका जवळ असतो, फक्त भूल दिलेला. त्याच्याशी बोलता येत नाही.

आता ज्या कामाचा मी आग्रह धरतो त्याबद्दल. अमेरिकेत त्याला सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात, सगळे सीएनए म्हणतात. संघराज्याच्या नियमाने त्यासाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले निदान १६ तास प्रत्यक्ष कामाचे. बरीच राज्यं याहून जास्त मागतात. मग राज्याची परीक्षा, आणि नोकरी. पगार ताशी १८-२० डॉलरच्या आसपास. काम काय? सकाळी दहा-बारा वृद्धांना उठवायचं, तोंड धुवायचं, आंघोळ घालायची, कपडे चढवायचे. ज्यांना स्वतः हलता येत नाही त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कंबरेवर, टाचेवर जखमा होतात. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना दाट केलेलं पाणी चमच्याने पाजायचं, प्रत्येक घोट उतरला की नाही बघायचं. डायपर बदलायचे. संध्याकाळ झाली की स्मृतिभ्रंशाचे काही पेशंट बिथरतात, घरी जायचंय म्हणून दाराकडे धावतात. त्यांना ओढायचं नाही, त्यांच्याबरोबर चार पावलं चालायचं आणि बोलत बोलत मागे आणायचं.

हे सगळं वर्षभर करणाऱ्या मुलीला अशा गोष्टी कळतात ज्या मला रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कळल्या नव्हत्या. मी 'दर दोन तासांनी कूस बदला' असं एका ओळीत लिहितो तेव्हा त्या ओळीसाठी रात्री तीन वाजता दोन माणसांची पाठ लागते, हे तिला माहीत असतं. 'पेशंट जेवत नाही' या तक्रारीमागे कवळी हरवलेली असू शकते, हे तिने पाहिलेलं असतं. आजीचं काहीतरी बिनसलंय, हे तापमान चढण्याच्या आदल्या दिवशी तिला जाणवतं, कारण रोज चहा मागणारी आजी आज गप्प आहे. ती नर्सला सांगते, नर्स डॉक्टरांना फोन करते, आणि लघवीतला जंतुसंसर्ग वेळेत सापडतो. यात तिने वैद्यकशास्त्रातलं काहीही केलेलं नसतं. तरी पेशंटचं भलं तिच्यामुळे झालेलं असतं, आणि हे तिला कोणी शिफारसपत्रात लिहून द्यायची गरज उरत नाही. विचारलं की ती स्वतः सांगू शकते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली आणि आता अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत असलेली छोट्या छोट्या मुलाखतींची पद्धत, जिथे खोलीमागून खोलीत एकेका पेचप्रसंगावर बोलायचं असतं, तिथे अशी मुलगी अडखळत नाही. ऑपरेशन किती पाहिले हे तिथे कामाला येत नाही.

तरी आपल्या घरांत या कामाला नाकं मुरडली जातात. "आमच्या मुलीने लोकांचे डायपर बदलायचे?" हे वाक्य मी उच्चशिक्षित, प्रेमळ, मुलांसाठी जीव टाकणाऱ्या आई-बाबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. या वाक्यात काय दडलंय ते आपण मराठी माणसांनी नीट बघायला हवं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात बेडपॅन कोण देतं? मावशी देतात, वॉर्डबॉय देतो, नाहीतर पेशंटची सून. मावशींची जात कोणती असते हे वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलाच्या हाताला पेशंटचं मलमूत्र लागू नये, सुई मात्र लागावी, ही समजूत आपण तिकडून विमानात घेऊन आलो आहोत. अमेरिकेतही या कामावर कृष्णवर्णीय, हैतीच्या, जमैकाच्या, फिलिपाइन्सच्या बायका मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे उतरंड इथेही आहेच. म्हणूनच माझा आग्रह आहे, की उद्या जी मुलगी या बायकांना हुकूम सोडणार आहे तिने आधी त्यांच्या हाताखाली काम करावं. आठ तासांच्या पाळीत कोणाला आधी उचलायचं, कोणाला हाका मारू द्यायच्या, हे पंचवीस वर्षं काम केलेली सीएनए शिकवते तसं कुठलाच प्राध्यापक शिकवत नाही.

इतर पर्यायही चांगले आहेत. ॲम्ब्युलन्सवर काम करायला ईएमटीचं प्रशिक्षण दीडशे-दोनशे तासांत होतं. लोकांच्या घरात शिरून, जिने चढून आजार जिथे घडतो तिथे बघायला मिळतो. ज्याला धावपळ मानवते त्याने ते करावं. डॉक्टरच्या शेजारी बसून नोंदी टिपणारा स्क्राइब निदान कसं केलं जातं हे शिकतो, पण ते काम आता झपाट्याने संगणकाकडे चाललंय आणि त्यात पेशंटशी बोलणं कमीच. रुग्णालयातल्या भेटवस्तूंच्या दुकानात किंवा माहिती कक्षात उभं राहणं हे चांगलं समाजकार्य आहे. आजारी माणसाची ओळख त्यातून होत नाही.

हॉस्पिसबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलं आहे असं डॉक्टरांचं मत झालेल्या पेशंटची ही सेवा मेडिकेअर या सरकारी विम्यात १९८२ च्या कायद्याने आली. त्या नियमांमध्ये एक विलक्षण तरतूद आहे: हॉस्पिस संस्थेत पेशंटच्या शुश्रूषेचे जेवढे तास भरतात त्यांच्या किमान पाच टक्के काम स्वयंसेवकांनी केलेलं असायलाच हवं. म्हणजे तिथे स्वयंसेवक हा शोभेचा नसतो, त्याच्याशिवाय संस्थेचं चालत नाही. काम काय, तर दर मंगळवारी एकाच माणसाच्या घरी जायचं, त्याच्याशी पत्ते खेळायचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, तेवढ्या वेळात त्याच्या बायकोला बाजारात जाऊ द्यायचं. आणि एका मंगळवारी जायचं नसतं. वीस वर्षांच्या मुलाला हे झेपतं का? प्रशिक्षण नीट दिलं, सोबत एखादा अनुभवी माणूस दिला तर झेपतं. बरं करता येत नाही अशा माणसाजवळ बसायची सवय मेडिकल कॉलेजात कोणी लावत नाही. माझ्या पिढीतल्या कित्येक डॉक्टरांना ती अजूनही नाही. ते अशा पेशंटच्या खोलीत राउंडला दोन मिनिटांच्या वर थांबत नाहीत.

आणखी एक काम मराठी घरातल्या मुलांसमोर आयतं आहे आणि त्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांची एक मोठी पिढी न्यू जर्सीत, बे एरियात, डॅलसमध्ये म्हातारी होते आहे. त्यांचं इंग्रजी दुकानापुरतं. दवाखान्यात 'छातीत धडधडतं', 'पोटात गोळा येतो', 'जीव घाबराघुबरा होतो' हे इंग्रजीत सांगता येत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून आणि २०१० च्या आरोग्यविमा कायद्याच्या १५५७ व्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर दुभाष्याची सोय करण्याची जबाबदारी आहे. आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई आहे. प्रत्यक्षात मराठीचा दुभाषी बहुतेक वेळा फोनवरच मिळतो, तोही शोधाशोध करून. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, घरात नीट मराठी बोलणाऱ्या मुलाने वैद्यकीय दुभाष्याचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलं तर त्याला खरोखर गरजेच्या जागी उभं राहता येईल. आजी काय म्हणाली ते तंतोतंत सांगायचं, मधे आपलं मत घालायचं नाही, लाजून गाळायचं नाही, ही शिस्त फार अवघड आहे. डॉक्टरच्या प्रश्नात आणि पेशंटच्या उत्तरात काय निसटतं, ते दुभाष्याच्या खुर्चीतून दिसतं तितकं दुसरीकडून दिसत नाही. आपली मंडळं मराठी शाळा चालवतात, गणपती बसवतात, नाटकं आणतात. दोन-चार मंडळांनी मिळून हे प्रशिक्षण घडवून आणलं आणि जवळच्या रुग्णालयाशी बोलून मुलांची नावं दिली, तर घरातल्या मराठीचा असा उपयोग होईल जो कुठल्याच स्नेहसंमेलनात होत नाही.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न आहेच, आणि तो आपण टाळू नये. ज्या मुलाचे मामा-काका डॉक्टर नाहीत, ज्याला सुट्टीत किराणा दुकानात काम करून कॉलेजची फी भरायची आहे, त्याला फुकटात दोनशे तास स्वयंसेवा परवडत नाही. पैसे घेऊन 'परदेशी वैद्यकीय अनुभव' विकणाऱ्या सहली तर त्याच्या आवाक्याबाहेरच्या. सीएनए किंवा ईएमटीची नोकरी यासाठीही मला मोलाची वाटते, की तिथे पगार मिळतो आणि डॉक्टर नातेवाईक लागत नाही. घरी आजोबांना अर्धांगवायू झालाय म्हणून दोन वर्षं त्यांचं सगळं करणाऱ्या मुलाने तेही अर्जात लिहावं. ते काम कमी प्रतीचं नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागितला तेव्हा त्यांच्याजवळ कुठल्याही रुग्णालयाचे तास नव्हते. दहा दिवसांचं बाळ गेलेली आई असणं आणि आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगू शकत नाहीत हे आतून माहीत असणं, हा त्यांचा अनुभव होता. कॉलेजने तो ओळखला.

भारतातली सुट्टी मग वाया घालवायची का? मुळीच नाही. आजीला घेऊन सरकारी दवाखान्याच्या ओपीडीच्या रांगेत बसावं, केसपेपर काढावा, औषधाच्या खिडकीवर कोणत्या गोळ्या मिळाल्या आणि कोणत्या बाहेरून घ्याव्या लागल्या ते पाहावं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या कामाबद्दल वाचावं: फारशा न शिकलेल्या, त्यातल्या अनेक दलित, अशा गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून त्यांनी बालमृत्यू खाली आणले. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं; त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि पुढे देशाच्या धोरणात गेले. आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. एखाद्या आशाताईंची आणि त्या घरांची परवानगी घेऊन त्यांच्याबरोबर चार दिवस गल्लोगल्ली फिरावं, कशालाही हात न लावता. मामाने भाचीसाठी एवढी एक ओळख करून दिली तरी खूप झालं. मोबदल्यात आशाताईंचे अहवाल ऑनलाइन भरून द्यावेत. त्यांना त्याची खरी गरज असते.

शेवटचं सांगायचं आहे ते आई-बाबांना. चांगल्या अनुभवातून मुलगी 'नको' म्हणून परत येऊ शकते. मामाच्या ओटीतून कोणी 'नको' म्हणून येत नाही. तिथे सगळं झगमगीत असतं, पेशंट झोपलेला असतो आणि मामा शूर दिसतो. शुश्रूषा केंद्रात सहा महिने काढल्यावर मात्र एखादी म्हणेल, मला हे जमणार नाही. दुसरी म्हणेल, मला पेशंटजवळ जास्त वेळ राहायचंय, मी नर्सिंगला जाते. तिसरा म्हणेल, या केंद्रात माणसं इतकी कमी का नेमतात याचा मला राग येतो, मी सार्वजनिक आरोग्य शिकतो. हे तिघेही काही हरलेले नाहीत. मेडिकल कॉलेजसाठी कर्ज काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर बाहेर पडताना साधारण दोन लाख डॉलरचं कर्ज असतं, आणि पुढची तीन ते सात वर्षं रेसिडेन्सीत जातात. त्या मार्गावर अर्ध्यात पोचल्यावर 'नको' कळलेले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. कर्जामुळे आणि घरच्यांच्या अभिमानामुळे ते बाहेर पडू शकत नाहीत, आणि त्यांचा त्रास पेशंटला पोचतो. आजकाल मेडिकलला प्रवेश मिळवणाऱ्यांतले बहुसंख्य विद्यार्थी पदवीनंतर एखादं तरी वर्ष थांबून मगच जातात, त्यामुळे घाई करायचं कारणही उरलेलं नाही. तुमची मुलगी ते वर्ष म्हाताऱ्यांच्या केंद्रात काम करून काढू म्हणत असेल, तर लोकांना काय सांगायचं याची चिंता करत बसू नका. सकाळी सहाची पाळी असेल तेव्हा तिला गाडीने सोडून या.